पदोन्नतीची फाइल : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्राध्यापकांची पदोन्नती, म्हणजे स्टाफरूममध्ये जिला नुसते ‘कॅस’ (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम) म्हणतात ती, या विषयावर प्रश्न मागवले आणि पत्रांचा ढीग पडला. निम्म्याहून अधिक पत्रांचे रडगाणे एकच : काम झाले आहे, कागद जुळत नाहीत. सगळी पत्रे छापणे शक्य नाही. ज्यांची उत्तरे अनेकांच्या उपयोगी पडतील तेवढी निवडली आहेत. उत्तरे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील शिक्षकांसाठी आहेत. आधार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) १८ जुलै २०१८ च्या नियमावलीचा आणि ती महाराष्ट्रात लागू करणाऱ्या ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाचा.

प्रश्न : मी जुलै २०१९ मध्ये नेट उत्तीर्ण या पात्रतेवर सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालो. पीएच.डी. नोकरीत असताना, डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. माझी ड्यू डेट, म्हणजे पदोन्नतीची देय तारीख, चार वर्षांनी धरायची की सहा? ओरिएंटेशन (अध्यापनाचा प्रारंभिक वर्ग) झाले आहे, रिफ्रेशर (उजळणी वर्ग) २०२४ च्या मे महिन्यात केला. सहकारी प्रत्येक जण वेगळी तारीख सांगतो. (सहायक प्राध्यापक, हडपसर)

उत्तर : सहकाऱ्यांना थोडे बाजूला ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर प्रत्येक अट व ती पूर्ण झाल्याची तारीख लिहा. लेव्हल १० (सहायक प्राध्यापकाची सुरुवातीची वेतनपातळी) वरून ११ वर जायला पीएच.डी. असेल तर ४ वर्षे, एम.फिल. किंवा एल.एल.एम., एम.टेक. यांसारखी व्यावसायिक पदव्युत्तर पदवी असेल तर ५ आणि यातले काही नसेल तर ६ वर्षे सेवा लागते. सोबत २१ दिवसांचा ओरिएंटेशन वर्ग. शिवाय किमान एका आठवड्याचा म्हणजे ५ दिवसांचा रिफ्रेशर, संशोधनपद्धती वर्ग, कार्यशाळा किंवा एफडीपी (शिक्षक विकास कार्यक्रम) यांपैकी एक, नाहीतर प्रमाणपत्रासह एक ‘मूक’ (MOOC), म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन अभ्यासक्रम.

तुमची चार वर्षे जुलै २०२३ मध्ये भरली, पण त्या दिवशी पीएच.डी. नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये पीएच.डी. आली, पण रिफ्रेशर नव्हता. सगळ्या अटी एकत्र पूर्ण होतात त्या मे २०२४ मध्ये, रिफ्रेशर संपला त्या दिवशी. तुमची तारीख तीच. सहा वर्षे थांबण्याचे कारण नाही आणि जुलै २०२३ मागण्यातही अर्थ नाही. नियम स्पष्ट आहे : उमेदवार ज्या दिवशी पात्रता पूर्ण करतो त्या दिवसापासून पदोन्नती लागू होते. जुलै २०२३ लिहून अर्ज केलात तर छाननीत तारीख खोडली जाईल, प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत येईल आणि त्यात एक सत्र सहज निघून जाईल.

पीएच.डी.चा पुरावा म्हणून विद्यापीठाची अधिसूचना जोडा. मौखिकीच्या दिवशी मार्गदर्शकांनी दिलेले पत्र चालत नाही. आणि हो, रजा न घेता, वर्गावर शिकवता शिकवता केलेल्या पीएच.डी.चा काळ सेवेतून वजा होत नाही. याबद्दल विचारणारी पाच-सहा पत्रे आहेत, त्यांनाही हेच उत्तर.

प्रश्न : तासिकांची टक्केवारी कशी काढायची? निवडणुकीचे काम, एनएसएस शिबिर, परीक्षेचे पर्यवेक्षण यांत माझ्या बऱ्याच तासिका बुडाल्या. विभागप्रमुख म्हणतात, ८० टक्के दाखवाच, नाहीतर वर्ष वाया. (बारामती)

उत्तर : विभागप्रमुखांचे हे म्हणणे चुकीचे आहे, आणि आकडा ‘दाखवण्याचा’ सल्ला तर धोक्याचा.

वार्षिक मूल्यमापनात अध्यापनाचे सूत्र साधे आहे : घेतलेल्या तासिका भागिले नेमून दिलेल्या तासिका, गुणिले शंभर. ८० आणि त्यावर ‘उत्तम’, ७० ते ८० च्या आत ‘समाधानकारक’, ७० च्या खाली ‘असमाधानकारक’. समजा तुम्हाला वर्षभरात ४८० तासिका नेमून दिल्या होत्या आणि ३७२ झाल्या. टक्केवारी ७७.५, शेरा ‘समाधानकारक’. पदोन्नतीच्या कलमात शब्द आहेत ‘उत्तम किंवा समाधानकारक’. दोन्हींना वजन सारखेच. पीएच.डी.धारकाला लेव्हल १० ते ११ साठी ४ पैकी ३ वर्षे असा शेरा हवा. पुढे ११ ते १२ ला ५ पैकी ४ आणि १२ ते १३ए ला ३ पैकी २. ७७.५ चे ८१ केल्याने तुमच्या पदरात काहीही जास्त पडत नाही. उलट समितीतल्या एखाद्याने वेळापत्रक, हजेरीपट आणि दैनंदिनी शेजारी ठेवून एकच महिना मोजला, तर नऊ तासिकांच्या तफावतीमुळे सगळ्या फाइलीवरचा विश्वास उडतो.

बुडालेल्या तासिकांपैकी जेवढ्या जादा तास घेऊन भरून काढल्या तेवढ्या घेतलेल्यांत धरा, फक्त त्यांची नोंद त्या-त्या तारखेला दैनंदिनीत हवी. मार्चअखेर एका बैठकीत, एकाच निळ्या शाईने भरलेली दैनंदिनी ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. निवडणूक कामाचा आदेश आणि शिबिराचे नियुक्तिपत्र त्या वर्षाच्या फ्लॅपमध्ये लावा.

खरा धोका वेगळाच आहे. अध्यापन ९० टक्के असूनही वर्ष ‘असमाधानकारक’ ठरू शकते, जर दुसऱ्या रकान्यात शून्य असेल. त्या रकान्यात सात प्रकारची कामे येतात : प्रशासकीय जबाबदारी, परीक्षा व मूल्यमापन, विद्यार्थ्यांचे सहशालेय किंवा विस्तारकार्य, परिसंवाद-कार्यशाळांचे आयोजन, पीएच.डी. मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, आणि त्या वर्षी किमान एक शोधनिबंध. तीन असली की ‘उत्तम’, एक-दोन असली तरी ‘समाधानकारक’, एकही नसेल तर वर्ष गेले. पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयात वर्षभरात एकदाही ‘कॅप’ला (मध्यवर्ती मूल्यमापन केंद्रावर) उत्तरपत्रिका तपासायला न गेलेला शिक्षक शोधून सापडणार नाही, तरीही हा रकाना रिकामा राहतो, कारण नियुक्तीचा आदेश आणि कार्यमुक्तीचे पत्र कोणी जपून ठेवत नाही. कार्यक्रमातले फोटो जोडू नका. सही, तारीख आणि जावक क्रमांक असलेले एक पानी पत्र दहा फोटोंना भारी पडते.

प्रश्न : मूल्यमापनाच्या काळात माझी १८० दिवसांची प्रसूती रजा झाली. ते अख्खे शैक्षणिक वर्ष धरता येणार नाही, एक वर्ष उशिरा अर्ज करा, असे कार्यालयातून सांगितले. (सहायक प्राध्यापिका, सिंहगड रस्ता)

उत्तर : ताई, एक दिवसही उशीर करू नका. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा, असाधारण रजा आणि प्रतिनियुक्ती हा काळ श्रेणी ठरवताना वगळायचा, उरलेल्या काळाचे मूल्यमापन करायचे आणि तेच प्रमाण पूर्ण काळाला लावायचे, असे नियमावलीतल्या तक्त्याखालीच लिहिले आहे. अशा रजेमुळे शिक्षकाचे पदोन्नतीत नुकसान होऊ नये, हे वाक्यही तिथेच आहे. अट एकच, रजा सक्षम अधिकाऱ्याने आधी मंजूर केलेली असावी.

चूक कुठे होते ते पाहा. रजेत पहिले सत्र गेले, दुसऱ्या सत्रात २४० पैकी २०४ तासिका घेतल्या. कार्यालयाचा तयार एक्सेल तक्ता छेदस्थानी वर्षाच्या ४८० तासिका धरतो आणि उत्तर येते ४२.५ टक्के. लाल शेरा. खरा छेद २४० आहे आणि उत्तर ८५ टक्के. त्या वर्षाच्या पानावर हे गणित स्वतःच्या हाताने मांडा, खाली नियमातली टीप उद्धृत करा आणि रजामंजुरीचा आदेश व सेवापुस्तिकेतल्या नोंदीची साक्षांकित प्रत त्याच पानामागे लावा. समितीला पान उलटून शोधावे लागू नये.

प्रश्न : मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी आता बंद झाली म्हणतात. मग माझ्या २०२१ आणि २०२२ च्या निबंधांचे काय? आणि यापुढे कुठे छापायचे? (शिवाजीनगर)

उत्तर : यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली हे खरे. तिचे काम पाहणारा कक्ष आपल्याच गणेशखिंडीच्या विद्यापीठात होता, तरी बनावट नियतकालिकांकडून गंडवल्या गेलेल्यांत पुण्यातले शिक्षक काही कमी नाहीत. असो.

जुन्या निबंधांसाठी प्रश्न एवढाच : निबंध छापला गेला त्या महिन्यात ते नियतकालिक यादीत होते का? पुढे ते वगळले गेले असेल तर निबंध आपोआप बाद होत नाही, पण प्रसिद्धीच्या वेळी ते यादीत होते हे दाखवणे तुमच्यावर आहे. त्या वेळचा पडद्याचा छापील उतारा ठेवला असेल तर उत्तम. नसेल तर ग्रंथपालांना विचारा. अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी आणि आयक्यूएसीने (महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने) याद्या वेळोवेळी उतरवून ठेवल्या आहेत.

मोठी पीडा बनावट नियतकालिकांची. एखादे जुने, प्रतिष्ठित, फक्त छापील निघणारे नियतकालिक हेरायचे, त्याचेच नाव आणि त्याचाच आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) लावून संकेतस्थळ उभे करायचे आणि यूपीआयवर पैसे घेऊन चार दिवसांत निबंध ‘प्रसिद्ध’ करायचा, असा हा धंदा. यादीत नाव सापडते, आयएसएसएन जुळतो, आणि तरी निबंध खोटा ठरतो. तपासायचे कसे? आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाका. तिथे प्रकाशक, देश आणि माध्यम दिसते. छापील आणि ऑनलाइन आवृत्त्यांना वेगवेगळे क्रमांक असतात. पोर्टलवर फक्त छापील माध्यम असेल आणि तुमचा निबंध ‘ऑनलाइन अंका’त असेल तर तिथेच पाल चुकचुकायला हवी. मग मूळ प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र टाकून अंक क्रमांक, पृष्ठे आणि तुमचे नाव कळवा आणि लेखी दुजोरा मागा. संस्कृतपासून यंत्र अभियांत्रिकीपर्यंत सगळे विषय एकाच अंकात असतील तर पत्र टाकण्याचीही गरज नाही.

असा निबंध सापडला तर फाइलीतून काढून टाका. गुणांची बेरीज कमी झाली तरी चालेल. संशयास्पद एक निबंध शेजारच्या नऊ चांगल्या निबंधांकडेही वाकडे पाहायला लावतो.

यापुढचे : नियमावलीचे शब्द आहेत ‘समकक्ष तज्ज्ञांनी तपासलेले किंवा यूजीसी यादीतील’. यादी नसली तरी पहिला अर्धा भाग उभाच आहे. मात्र आता नियतकालिक खरोखर तपासणी करते याचा पुरावा तुम्हीच द्यायचा. परीक्षकांचे अभिप्राय, सुधारित मसुदा पाठवल्याचा ई-मेल, स्वीकृतीची तारीख हे सगळे निबंधामागे लावा. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या नियतकालिकांच्या सूचींमध्ये नियतकालिक असेल तर त्या नोंदीचा छापील उतारा पुरतो. आणि पाठवण्याआधी आयक्यूएसीला लेखी विचारा, कारण निकष ठरवण्याचे काम आता संस्थांवर आले आहे आणि कोणाचे महाविद्यालय काय ठरवते हे घरबसल्या कळत नाही.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेत सहयोगी प्राध्यापक आहे. लेव्हल १३ए वर तीन वर्षे झाली. प्राध्यापकपदासाठी ११० संशोधनगुण लागतात. माझे १० निबंध आहेत : ३ एकट्याचे, ४ दोघांचे, ३ मध्ये मी तिसऱ्या किंवा चौथ्या क्रमांकाचा लेखक. शिवाय संपादित ग्रंथांत २ प्रकरणे, राष्ट्रीय परिसंवादांत १५ आणि राज्य पातळीवर ६ सादरीकरणे. मी बेरीज केली तर १३० च्या वर जाते. निर्धास्त राहू ना? (कोथरूड)

उत्तर : नका राहू. तुमचे पत्र आम्ही मुद्दाम सविस्तर घेत आहोत, कारण वरवर भक्कम दिसणारी फाइल कशी काठावर येते याचा हा नमुना आहे.

आधी निबंध. वाणिज्य, भाषा, सामाजिक शास्त्रे यांत प्रत्येक निबंधाला १० गुण (विज्ञान, अभियांत्रिकीत ८). दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के. म्हणजे ३ एकट्याचे ३०, ४ दोघांचे २८, आणि उरलेल्या ३ चे प्रत्येकी ३ धरून ९. एकूण ६७. दोन प्रकरणांचे प्रत्येकी ५ प्रमाणे १०. राष्ट्रीय १५ सादरीकरणांचे प्रत्येकी ३ म्हणजे ४५, राज्य पातळीवरच्या ६ चे प्रत्येकी २ म्हणजे १२. मिळून ५७. बेरीज १३४. तुमचा आकडा इथून आला.

आता तक्त्याखालच्या बारीक अक्षरांकडे या. व्याख्याने व सादरीकरणे आणि धोरणविषयक दस्तऐवज यांचे मिळून गुण एकूण संशोधनगुणांच्या ३० टक्क्यांहून जास्त धरता येत नाहीत. तुमचे निबंध आणि प्रकरणे मिळून ७७. हे ७० टक्के झाले तर उरलेले ३० टक्के किती? ३३. सादरीकरणांच्या ५७ पैकी २४ गुण इथेच गळाले. अंतिम बेरीज ७७ अधिक ३३, म्हणजे ११०. नेमके काठावर.

यातला एखादा दोघांचा निबंध बाद झाला असे धरा. ७७ चे ७० होतात आणि ३० टक्क्यांची मर्यादाही खाली सरकून ३० वर येते. एकूण १००. सात गुणांचा निबंध गेला आणि दहा गुण बुडाले. शिवाय किमान १० निबंधांची अट स्वतंत्रपणे मोडते ती वेगळीच. त्या दहांपैकी ३ मूल्यमापनाच्या काळात, म्हणजे १३ए वर असताना प्रसिद्ध झालेले हवेत, हेही पाहून घ्या. तुमच्या पत्रात निबंधांची वर्षे नाहीत.

दुसरी अट आणखी निसरडी आहे. गुण सहा गटांपैकी किमान तीन गटांतून यायला हवेत. तुमचे गट तीनच : निबंध, ग्रंथलेखन, सादरीकरणे. ग्रंथलेखनाचा गट केवळ त्या दोन प्रकरणांवर उभा आहे. त्या ग्रंथांना आयएसबीएन (ग्रंथाचा ओळख क्रमांक) नसेल, किंवा ‘परिसंवादाची स्मरणिका’ असे त्यांचे खरे रूप असेल, तर दहा गुण जातात ते जातातच, गट दोनच उरतात आणि बेरीज कितीही असली तरी प्रस्ताव पडतो. आणि त्या प्रकरणांपैकी एखादे परिसंवादात वाचलेल्याच निबंधाचे छापील रूप असेल तर ते दोन्हीकडे धरता येत नाही, एकदाच धरायचे. वाणिज्यात हे सर्रास घडते.

तुमच्या बाजूचा एक मुद्दाही सांगायला हवा. इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (नियतकालिकातले निबंध किती उद्धृत होतात त्याचा आकडा) निबंधाचे गुण ‘वाढतात’ असे नियमात आहे आणि इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या, पण तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकातल्या निबंधालाही ५ ची वाढ आहे. ती मूळ १० वर मिळवली तर निबंध १५ चा होतो. एकट्याचे ३ निबंध ४५, दोघांचे ४२, उरलेले साडेतेरा. एकूण १००.५, म्हणजे प्रकरणे धरूनच ११०.५. मग सादरीकरणांकडे केवळ तिसऱ्या गटासाठी पाहावे लागते. आमचा सल्ला : तक्त्यात दोन स्वतंत्र रकाने करा, मूळ गुण आणि वाढीव गुण. दोन्ही बेरजा दाखवा. फाइल मात्र मूळ गुणांवरच ११० च्या बरीच वर जाईल अशी बांधा. वाढीव गुणांच्या आधारावर उभा असलेला प्रस्ताव समितीच्या एका शंकेने खाली येतो.

वर जायचे कसे? चौथा गट, संशोधन मार्गदर्शन आणि प्रकल्प, तुमच्याकडे रिकामा आहे. पदव्युत्तर प्रबंधिकेच्या मार्गदर्शनाला, पदवी मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे २ गुण आहेत. तुम्ही एम.कॉम.ला शिकवत असाल तर विभागाच्या दप्तरात ही नावे असणारच. प्राचार्यांच्या सहीची यादी, विषय आणि निकालाच्या प्रतींसह घ्या. पीएच.डी. मार्गदर्शक असाल तर प्रबंध सादर झाल्यावर ५, पदवी मिळाल्यावर १०. सहमार्गदर्शन असेल तर ७. दहा लाखांच्या आतला पूर्ण झालेला संशोधन प्रकल्प ५ गुणांचा, त्याहून मोठा १० चा. सहसंशोधक असाल तर निम्मे. मराठीत अनुवाद करणारे वाणिज्यात विरळा, पण असाल तर अनुवादित ग्रंथाचे ८ आणि प्रकरणाचे ३ गुण आहेत, ते विसरू नका. या गटांना ३० टक्क्यांची मर्यादा लागत नाही. उलट इथले प्रत्येक ७ गुण तुमच्या गळालेल्या सादरीकरणांतले ३ परत आणतात.

आणि बहुलेखक निबंधांत तुमचे नाव पत्रव्यवहारासाठी दिलेले असेल (तारका आणि ई-मेल), तर ते पान ठळक खूण करून जोडा. क्रमांक तिसरा असला तरी ३० ऐवजी ७० टक्के मिळतात. सहलेखकांना मात्र आधी फोन करा. एकाच निबंधावर दोघांनी ‘प्रमुख लेखक’ म्हणून दावा केलेला समितीला आवडत नाही.

प्रश्न : तासिका तत्त्वावर तीन वर्षे आणि नंतर कंत्राटी पूर्णवेळ दोन वर्षे शिकवले. ही पाच वर्षे कॅससाठी धरतात का? (चिंचवड)

उत्तर : तासिका तत्त्वावरची तीन वर्षे सोडून द्या. कंत्राटी दोन वर्षे धरता येतात, पण तिन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : तेव्हा तुमच्याकडे पदाची किमान अर्हता होती, रीतसर निवड समितीच्या शिफारशीवरून नेमणूक झाली होती, आणि एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी नव्हते. पुण्यातल्या बहुतेक कंत्राटी नेमणुका तिसऱ्या अटीवर अडकतात. ठरावीक मानधनाची पावती हातात असेल तर या वाटेवर वेळ घालवू नका. अट पूर्ण होत असेल तर जाहिरातीचे कात्रण, निवड समितीचा अहवाल, विद्यापीठाची मान्यता, वेतनचिठ्ठ्या आणि फॉर्म १६ एकत्र लावा.

प्रश्न : निबंध स्वीकारल्याचे पत्र आहे, अंक अजून निघालेला नाही. चालेल का? (सासवड)

उत्तर : नाही. ‘प्रसिद्ध’ म्हणजे प्रसिद्ध. डीओआयसह (निबंधाचा कायमचा डिजिटल क्रमांक) ऑनलाइन प्रसिद्ध झाला असेल तर ती तारीख दाखवा.

प्रश्न : २०२५ च्या जानेवारीत आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. नव्या नियमांत अर्ज करणे फायद्याचे ठरेल म्हणून थांबावे का? (नाशिक)

उत्तर : मसुद्याच्या भरवशावर थांबू नये. मसुद्यातून अंतिम नियम, त्यावर राज्याचा शासन निर्णय, मग विद्यापीठाचे परिपत्रक अशी ही साखळी असते. प्रत्येक कडीला वेळ लागतो. आज पात्र असाल तर आज लागू असलेल्या नियमात अर्ज करा.

प्रश्न : अर्ज देऊन आठ महिने झाले, समितीची बैठकच लागत नाही. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतो आहे. (सदाशिव पेठ)

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वात महत्त्वाचे. समिती ज्या दिवशी प्रस्ताव विचारात घेते त्या दिवशी शिक्षक प्रत्यक्ष सेवेत असायला हवा. पदोन्नती मागच्या तारखेने लागू होते म्हणून निवृत्तीनंतरही चालेल, असा समज करून घेऊ नका.

नियमानुसार शिक्षकाला देय तारखेआधी तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो आणि अर्जापासून सहा महिन्यांत प्रक्रिया संपवायची जबाबदारी संस्थेची आहे. हे कलम उद्धृत करून प्राचार्यांना आणि संस्थेच्या सचिवांना पत्र द्या, निवृत्तीची तारीख पहिल्याच ओळीत लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्या. तोंडी विनंतीला कार्यालयात आयुष्य नसते. मग प्रस्ताव नेमका कुठे अडला आहे ते शोधा : आयक्यूएसीच्या पडताळणीत, कुलगुरूंच्या प्रतिनिधींची व विषयतज्ज्ञांची नावे विद्यापीठाकडून येण्यात, की शासन प्रतिनिधीची तारीख मिळण्यात. बहुतेक वेळा नावे आलेली असतात आणि महाविद्यालयाने तज्ज्ञांना फोनच केलेला नसतो. तीन-चार शिक्षकांचे प्रस्ताव एकत्र होईपर्यंत बैठक घ्यायची नाही, अशीही काही संस्थांची रीत आहे. तुमच्या बाबतीत ती परवडणारी नाही, हे स्पष्ट लिहा.

प्रश्न : फाइल नेमकी कशी लावायची? किती पानांची असावी? (तळेगाव)

उत्तर : पानांची संख्या कोणी मोजत नाही, शोधायला लागणारा वेळ मोजतात. अप्पा बळवंत चौकातून सोनेरी अक्षरांत बांधून आणलेला चारशे पानी ग्रंथ दिसतो देखणा, पण त्यातून एक प्रत काढून पडताळायची म्हटले की पंचाईत होते. साधी बॉक्स फाइल घ्या, आत पंच केलेले कागद.

वरून सुरुवात अशी : अर्ज आणि एका पानाचा गोषवारा. मागे नेमणूक आदेश, रुजू अहवाल, विद्यापीठाचे मान्यतापत्र, राखीव जागेवर असाल तर जात वैधता प्रमाणपत्र, आधीच्या पदोन्नतीच्या स्थाननिश्चितीचा आदेश. मग पदव्यांची प्रमाणपत्रे. मग ओरिएंटेशन, रिफ्रेशर. त्यानंतर वर्षवार मूल्यमापन, प्रत्येक वर्षाला वेगळा रंगीत विभाजक, आणि शेवटी संशोधन. गोषवाऱ्यात चार रकाने पुरतात : अट, तुमचा दावा, पूर्ततेची तारीख, पुराव्याचा पृष्ठक्रमांक. पृष्ठक्रमांक सगळे कागद लागल्यावर, अगदी शेवटी, पेन्सिलने घाला. आधी घातले की मध्ये एक प्रमाणपत्र सापडते आणि ‘४७ अ, ४७ ब’ सुरू होते.

प्रमाणपत्रे लावताना प्रत्येकावर तीन गोष्टी बोट ठेवून तपासा. ‘पासून-पर्यंत’ तारखा आहेत का? ऑनलाइन एफडीपीच्या अनेक प्रमाणपत्रांवर नुसता ‘एक आठवडा’ असतो. अशा वेळी आयोजकांकडून तारखांचे पत्र मागवा. तारखा याच टप्प्याच्या मूल्यमापन काळात पडतात का? मागच्या पदोन्नतीला वापरलेला वर्ग पुन्हा चालत नाही, आणि काळ संपल्यावर केलेला वर्ग तुमची देय तारीख पुढे ढकलतो. तिसरे, नाव. लग्नाआधीचे आणि नंतरचे आडनाव वेगळे असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र अगदी सुरुवातीला लावा, म्हणजे प्रत्येक पानावर तोच प्रश्न उठणार नाही.

लेव्हल ११ ते १२ साठी जाणाऱ्यांनी वर्गांचा कालावधी नीट पाहावा. तिथे दोन वर्ग लागतात आणि प्रत्येक किमान दोन आठवड्यांचा, म्हणजे १० दिवसांचा. एकाच्या जागी एकेका आठवड्याचे दोन चालतात. तीन एक-आठवडी वर्ग करून दोन मोजणाऱ्यांच्या फायली परत येतात. १२ वरून १३ए ला पीएच.डी.शिवाय मार्ग नाही.

प्रश्न : लेव्हल ११ मिळाल्यावर पगार नेमका किती वाढतो? (वाघोली)

उत्तर : मूळ वेतन ५७,७०० वर रुजू होऊन चार वार्षिक वेतनवाढी झाल्या असतील तर तुम्ही ६४,९०० वर आहात. पदोन्नतीची एक वेतनवाढ जुन्याच लेव्हलमध्ये देतात : ६६,८००. मग नव्या लेव्हलमधला तेवढाच किंवा लगेच वरचा आकडा घेतात. लेव्हल ११ ची सुरुवातच ६८,९०० ने होते, म्हणून तुमचे मूळ वेतन ६८,९००, त्यावर भत्ते. ही वेतननिश्चिती उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून मंजूर झाली की मधल्या महिन्यांचा फरक मिळतो. प्रस्ताव तिकडे जाताना सेवापुस्तिकेत मागच्या प्रत्येक वेतनवाढीची नोंद आणि सही आहे ना, हे स्वतः उभे राहून पाहा. एका सुटलेल्या नोंदीसाठी पुस्तिका परत आली की ती पुन्हा कधी वर जाते हे सर्वस्वी लिपिकाच्या टेबलावरच्या गठ्ठ्यावर अवलंबून असते.